नकारानंतर पुन्हा अर्ज करावा का?

प्रश्न : या वर्षी माझे शालेय शिक्षण पूर्ण झाले. ज्या दोन विद्यापीठांची मी दोन वर्षे मनापासून तयारी केली, त्या दोन्हींनी माझा अर्ज नाकारला. तिसऱ्या विद्यापीठात मला हवा तोच विषय मिळाला आहे, पण तिकडे मन वळत नाही. वर्षभर थांबून पुन्हा अर्ज करावा, की हा प्रवेश घेऊन पुढच्या वर्षी प्रयत्न करावा? पहिला नकार दुसऱ्या वेळी आड येतो का? थांबले तर वर्ष वाया जाईल, असे घरच्यांना वाटते.

उत्तर : आपल्याला झालेले दुःख खरे आहे आणि ते घाईने बाजूला सारण्याची गरज नाही. मात्र नकाराचे पत्र म्हणजे आपल्या योग्यतेवरचा निकाल, असे मानू नका. हार्वर्डसारख्या ठिकाणी अलीकडच्या वर्षांत सुमारे ५०,००० अर्जांतून जेमतेम २,००० जणांना प्रवेश देऊ केला जातो. तेथे नाकारल्या गेलेल्या विद्यार्थ्यांत तो अभ्यासक्रम उत्तम रीतीने पूर्ण करू शकतील असे हजारो जण असतात. म्हणूनच ‘मी कुठे कमी पडले’ या प्रश्नाला पुष्कळदा नेमके उत्तर नसते, आणि ते शोधण्यात महिने घालवू नयेत.

आपण थांबणे आणि प्रवेश घेणे हे दोन सोयीचे पर्याय म्हणून मांडले आहेत. प्रत्यक्षात त्यांतून पुढे निघणारे मार्ग फार वेगळे आहेत, आणि बहुतेक विद्यार्थ्यांची फसगत नेमकी येथेच होते. एकदा दुसरीकडे पूर्णवेळ पदवी अभ्यासक्रम सुरू केला, की अनेक अमेरिकी विद्यापीठांच्या लेखी आपण प्रथम वर्षाचे अर्जदार उरत नाही, तर ट्रान्सफरचे, म्हणजे एका विद्यापीठातले शिक्षण मध्येच सोडून दुसऱ्यात जाऊ इच्छिणारे, अर्जदार ठरता. हार्वर्डमध्ये ट्रान्सफरसाठी एखाद्या पूर्णवेळ पदवी अभ्यासक्रमाचे सलग एक वर्ष पूर्ण झालेले असावे लागते, आणि या वाटेने घेतले जाणारे विद्यार्थी अगदी मोजके असतात. प्रिन्स्टनने तर १९९० मध्ये ट्रान्सफर प्रवेश थांबवले आणि ते २०१८ मध्येच पुन्हा सुरू केले. म्हणजे जवळजवळ तीन दशके ‘आधी दुसरीकडे शिकू, मग तिकडे जाऊ’ हा बेत त्या विद्यापीठापुरता अशक्यच होता. ऑक्सफर्डमध्ये आजही दुसऱ्या विद्यापीठातून ट्रान्सफर घेता येत नाही. दुसरीकडे वर्ष पूर्ण केले असले, तरी अर्ज पहिल्या वर्षासाठीच करावा लागतो. तेव्हा फी भरण्यापूर्वी, ज्या विद्यापीठात पुन्हा अर्ज करायचा आहे त्याच्या प्रवेश कार्यालयाला ‘मी अमुक ठिकाणी शिकू लागले, तर माझा अर्ज कोणत्या प्रकारात धरला जाईल?’ असे लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मिळालेली जागा एक वर्ष राखून ठेवता येईल का, हेही तिसऱ्या विद्यापीठाला विचारून पाहा. काही विद्यापीठे तशी परवानगी देतात आणि मग थांबण्यातली जोखीम पुष्कळच कमी होते.

वर्ष थांबणे केव्हा योग्य, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. पुढच्या वर्षीचा अर्ज या वर्षीच्या अर्जापेक्षा ठळकपणे वेगळा असणार असेल, तरच थांबावे. ब्रिटनमध्ये हा फरक काही वेळा आपोआप पडतो, कारण शाळेत असताना केलेला अर्ज शिक्षकांनी वर्तवलेल्या गुणांवर तोलला जातो, तर वर्षभराने प्रत्यक्ष मिळालेले गुण हाती असतात. ते गुण अंदाजापेक्षा सरस आले असतील, तर पुन्हा अर्ज करण्याचे ते सबळ कारण आहे. केवळ अर्जासोबतच्या निबंधाची भाषा घोटून तसा फरक पडत नाही. ज्या विषयासाठी अर्ज करायचा, त्यातले वाचन, प्रयोग, एखादी नोकरी किंवा स्वतः हाती घेतलेले आणि तडीस नेलेले काम यांनी तो पडतो. अशा वर्षाला वाया गेलेले म्हणता येणार नाही, हे घरच्यांना सांगायला हरकत नाही; मात्र त्या वर्षात काय करणार, याचा महिनावार आराखडा त्यांच्यापुढे ठेवा, कारण त्यांची काळजी रास्त आहे.

अर्ज नव्याने लिहा, जुना दुरुस्त करू नका. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांसाठी मिळून एकच असलेल्या सामाईक अर्जात २०२६ च्या प्रवेशापासून स्वतःविषयीच्या एका सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे लिहायची असतात, त्यामुळे त्यापूर्वीचे निवेदन जसेच्या तसे वापरताही येणार नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्हींसाठी एकाच वर्षी अर्ज करता येत नाही, त्यांची मुदत १५ ऑक्टोबरला संपते, आणि त्यांच्या प्रवेशपरीक्षांचे गुण त्या एका वर्षापुरतेच धरले जात असल्याने परीक्षाही पुन्हा द्यावी लागते. निबंधात पहिल्या नकाराची कहाणी लिहू नये, असे मला वाटते. वाचणाऱ्याला आपली चिकाटी त्या वर्षात केलेल्या कामातून दिसू द्या. शक्य असेल तर, या वर्षभरात आपले काम जवळून पाहिलेल्या व्यक्तीकडूनही एक शिफारसपत्र घ्या.

पहिला नकार सहसा दुसऱ्या अर्जाच्या आड येत नाही. मात्र तो लपवूही नका. काही अर्जांत ‘यापूर्वी येथे अर्ज केला होता का?’ असा प्रश्न असतो; त्याचे उत्तर खरे द्यावे, कारण जुना अर्ज त्यांच्या नोंदीत असू शकतो आणि दोन्हींतील तपशील जुळले नाहीत, तर त्याचा फटका नकारापेक्षा मोठा बसतो. नकाराची कारणे विचारायची असतील, तर सौजन्याने एकदाच विचारा. अमेरिकेतील निवडक विद्यापीठे ती बहुधा कळवत नाहीत. ऑक्सफर्ड व केंब्रिजमधून मागितल्यास काही प्रमाणात अभिप्राय मिळू शकतो, आणि मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याला त्यातून उपयोगाचे काही हाती लागते.

एक विनंती मात्र आवर्जून करते. पुन्हा अर्ज कराल तेव्हा त्या दोनच विद्यापीठांवर सगळे सोपवू नका. जिथे आपण खरोखर आनंदाने शिकाल अशी आणखी तीन-चार नावे यादीत असू द्या. आणि निर्णय घेण्यापूर्वी, मिळालेल्या तिसऱ्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम, तेथील अध्यापक आणि ते शिकवत असलेले विषय एकदा शांतपणे वाचून काढा. आपल्या पत्रात त्याविषयी एकच ओळ आहे, त्यामुळे आपण ते अजून नीट पाहिलेले नसावे, असे मला वाटते.