लाइफटाइम लायसन्स घेताय? आधी हे वाचा

चादरीच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर ‘लाइफटाइम’ म्हणून घेताना विचारा, आयुष्य कुणाचं? बऱ्याचदा ते फक्त त्या व्हर्जनचं असतं. खरेदीच्याच दिवशी अटींचं पान पीडीएफ करून ठेवा. बिल आणि मूळ इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर घ्या. ऑटो-अपडेट बंद. नव्या अटी बहुधा अपडेटसोबतच येतात, घाईत ‘मान्य’ दाबलं की संमती दिल्यासारखं होतं. पीसी फॉरमॅट करण्याआधी लायसन्स डिॲक्टिव्हेट कराच, म्हणजे त्या पीसीवरून मोकळं करा, नाहीतर मोजक्याच वेळा मिळणारी ॲक्टिव्हेशन फुकट जातात.

अटी बदलल्याच तर फोनवर भांडू नका, ईमेलवर लेखी हरकत घ्या. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. तुम्ही सोलापूरचे असाल, तर कंपनी बंगळुरूची असली तरी २ वर्षांच्या आत सोलापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. मात्र खरेदी स्वतःच्या पोटापाण्याच्या धंद्यासाठी आहे हे तक्रारीत स्पष्ट लिहा. व्यापारी हेतू ठरला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही ग्राहक ठरत नाही.