फ्लॅटमधल्या मुलांना निसर्गाची गोडी: आधी बादली, मग कास

ताई, तुमचं म्हणणं असं की साताऱ्यात फ्लॅटमध्ये राहता, मुलं ७ आणि ४ वर्षांची, कापडी पिशवी आणि स्टीलची बाटली घरात रुळली, पण पोरांना त्यात काडीचा रस नाही. नसणारच. ते मोठ्यांचे नियम झाले. या वयात हाताला काम लागतं आणि त्या कामातून काहीतरी घडलेलं दिसावं लागतं. पिशव्या चालू ठेवा, त्यावरची भाषणं बंद करा आणि ओल्या कचऱ्याची बादली मुलांच्या ताब्यात द्या.

भिंतीच्या रंगाची २० लिटरची रिकामी बादली धुऊन घ्या. तळाला आणि बाजूंना पेन्सिल जाईल एवढी २०-२५ भोकं ड्रिलने पाडा (हे मात्र तुम्ही करा), दोन विटांवर ठेवा, खाली जुनं ताट. तळात चार बोटं उसाचं पाचट (वाळलेली पानं) कातरून घाला. आपल्याकडे ओळखीत कुणाचा ना कुणाचा ऊस असतोच. त्यावर दोन ओंजळी जुनं शेणखत, विरजण म्हणून. मग रोज एक वाटी देठं-सालं आणि वर दोन वाट्या सुका पाला. वाट्या पोरांनीच मोजायच्या. शिजलेलं, तेलकट, दुधाचं, मासळीचं काही नको. तीन-चार दिवसांनी काठीने खालीवर करायचं.

घाण वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी झाली आहे: पाला वाढवा, हलवा. मुंग्या लागल्या तर कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. मूठभर दाबल्यावर हात ओलसर व्हावा, पाणी ठिबकू नये. करड्या, चपट्या अळ्या दिसल्या की बहुतेक घरांत बादली थेट कचरागाडीत जाते. त्या चावत नाहीत, रोग आणत नाहीत, उलट कचरा झपाट्याने संपवतात. नकोच असतील तर प्रत्येक थर पाल्याने पुरता झाका. खरी अडचण पावसाळ्यात येते, तेव्हा सुका पाला मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत दोन पोती भरून ठेवा. बादली भरली की दोन महिने तशीच ठेवा, थंडीत थोडी जास्त.

त्या खतात निम्मी माती मिसळा आणि स्वयंपाकघरातलीच मेथी रात्रभर भिजवून पेरा. काळी माती असेल तर थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला, नाहीतर ती चिकटून बसते आणि वाळली की भेगाळते. मेथी चार-पाच दिवसांत वर येते, महिन्याभरात खुडता येते. धणे आधी नकोत. त्यांना आठ-दहा दिवस लागतात आणि चार वर्षांचं पोर तोवर कुंडी उकरून बघतं.

एक कुंडी कढीपत्त्याची हवीच, आणि तिच्यावर फवारणी नको. पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर झटकू नका, ती फुलपाखराची अळी असते. पुढे ती हिरवी होते, काडीने हलकेच डिवचली तर डोक्यामागून नारिंगी-लालसर शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे एकदा पाहिलं की मुलं स्वतःहून पानं उलटून बघू लागतात. दोन-चार अळ्या रोपाचं फार बिघडवत नाहीत. रोप अगदी लहान असेल तर एकच ठेवा.

बाहेर न्यायचं तर धाकट्याला आधी अजिंक्यतारा किल्ल्यावर न्या, ऑगस्टमध्ये, सकाळी, हातात भिंग देऊन. कासच्या फुलांच्या पठारावर मोठीला सप्टेंबरमध्ये न्या, सुट्टीचा वार टाळून. तिथे सीतेची आसवं दाखवा: वर इवलं निळं-जांभळं फूल, आणि ओल्या मातीत सूक्ष्म जीव ओढून घेणाऱ्या बारीक पिशव्या. त्या दाखवायला रोप उपटायचं नाही, घरूनच चित्र न्या. पायवाट सोडायची नाही हे आधीच सांगा. तिथे जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर आहे, आणि सगळी फुलं तेवढ्यावरच उगवतात.