नाशिकच्या बंगल्याला काचेची खोली जोडायची तर कोणती शैली शोभेल?

तुमचा बंगला गंगापूर रोडला, दुमजली, सपाट स्लॅबचा. मागचं अंगण पश्चिमेला. लेकीच्या इंग्लंडमधल्या घरी बागेकडे काढलेली काचेची खोली, म्हणजे कॉन्झर्व्हेटरी, बघून आलात आणि आता विचारताय की व्हिक्टोरियन करू की एडवर्डियन.

घरांना अशा जोडखोल्या काढून देणं हेच माझं काम आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: दोन्ही नको. लीन-टू घ्या, म्हणजे आपली एकपाखी पडवी, आणि तिचं छप्पर काचेचं करू नका.

या शैलींत खरा फरक आखणीचा आणि छपराचा. व्हिक्टोरियनला पुढून तीन किंवा पाच पैलू, उभट छप्पर, आढ्यावर नक्षी. एडवर्डियन चौकोनी, तिन्ही बाजूंना उतरती. तिसरा प्रकार ऑरेंजरी, तिला विटांचे जाड खांब आणि सपाट छपराच्या मधोमध काचेचा उंचवटा. तिकडे १८४५ साली काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली आणि ही हौस वाढली. पण ती ऊन गोळा करण्याची हौस! लंडनला डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. नाशिक २० अक्षांशावर. आपल्याकडे २० मेच्या सुमारास तो भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो. काचेतून आत आलेली उष्णता सहजी बाहेर पडत नाही. दिंडोरीकडच्या एखाद्या पॉलीहाऊसमध्ये एप्रिलच्या दुपारी पाच मिनिटं उभे राहा, मला आणखी काही सांगावं लागणार नाही.

दुसरी अडचण मापाची. तळमजल्याच्या लिंटलपासून, म्हणजे दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईपासून, वरच्या खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत टेप लावा. बहुतेक बंगल्यांत ही जागा इतकी कमी असते की उभट छप्पर सरळ वरच्या खिडकीवर येतं. शिवाय भिंतीकडे उतरणारं छप्पर असेल तर सांध्यात पन्हळ येते, तिच्यात पाला अडकतो आणि जुलैत पाणी घरात. एकपाखी छप्पर पाणी घरापासून लांब टाकतं. भिंतीला जोडताना मात्र प्लास्टरमध्ये खाच मारून पत्र्याची पट्टी आत घ्यायला लावा. नुसतं सिलिकॉन फासून कारागीर मोकळा होतो, ते फार टिकत नाही.

छपराला पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेली फळी, चालेल. बंगल्याला कुठे मंगलोरी कौलं असतील तर तीच पुढे ओढा, जुन्या घरांना त्याहून चांगलं काही दिसत नाही. अगदीच आकाश हवं असेल तर उत्तरेच्या टोकाला काचेची एक अरुंद पट्टी ठेवा, ती लॅमिनेटेडच, म्हणजे दोन काचांमध्ये चिकट थर असलेली. टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, काच फुटली की तिचे दाणे अंगावर पडतात, लॅमिनेटेडचे तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात. मार्च-एप्रिलमध्ये गारा पडतात हे नाशिककराला सांगायला नको.

आता भिंती. पश्चिमेची बाजू सगळ्यात त्रासदायक, कारण उतरतं ऊन छज्जा अडवू शकत नाही. तिथे अडीच-तीन फूट विटांचा कठडा, वर उघडणाऱ्या खिडक्या आणि बाहेरून बांबूच्या चिका, म्हणजे काड्यांचे गुंडाळता येणारे पडदे. पडदा आतून लावला तर ऊन काच ओलांडून आलेलंच असतं. काचेची हौस उत्तर आणि दक्षिण बाजूला फेडा. दक्षिणेला दोन फुटांचा छज्जा ठेवलात तर मे-जूनचं दुपारचं ऊन आत येत नाही आणि थंडीत, सूर्य खाली झुकल्यावर, छान येतं. आपल्याकडच्या जानेवारीच्या सकाळी तीच खोली घरात सगळ्यात लाडकी होते. छपराच्या उंच कडेला, भिंतीलगत, उघडता येणारी झरोक्यांची रांग हवीच, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाईल.

चौकटींना पांढरं यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिक, सपाट स्लॅबच्या बंगल्याला उपरं दिसतं असं माझं मत. गडद पावडर कोटिंगचं अॅल्युमिनियम घ्या. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, त्यामुळे चौकटी बसल्यावरच मापं द्या.

आणि हे सगळं मागच्या मार्जिनमध्ये, म्हणजे नियमाने मोकळ्या सोडायच्या जागेत, येतंय का, ते मंजूर नकाशा घेऊन आर्किटेक्टकडून आधी तपासून घ्या. महापालिकेची परवानगी हातात येईपर्यंत फॅब्रिकेटरला अॅडव्हान्स देऊ नका.