विचारा ताईला: स्मोकी आय, घाम आणि आजीचं काजळ

प्रश्न: ताई, पुढच्या शनिवारी मैत्रिणीचा वाढदिवस आहे, लोअर परळला जेवण आणि मग डान्स. मला स्मोकी आय करायचेत, पण मागच्या वेळी काळी शॅडो लावली तर तासाभरात सगळं डोळ्याखाली उतरलं आणि जो तो विचारत होता, बरं नाहीये का तुला. रंग सावळा आहे, पापण्या तेलकट होतात आणि लोकलने जायचंय. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: अगं, काळी शॅडो अख्ख्या पापणीवर एकसारखी फासायची नसते, गडबड बहुतेक तिथेच होते. चुलीचा धूर आठव, खाली दाट आणि वर जाईल तसा विरळ, नेमका कुठे संपला ते बोट ठेवून सांगता येत नाही. डोळ्यावर तेच करायचंय, पापणीच्या केसांच्या मुळाशी सगळ्यात गडद आणि भुवईकडे जाता जाता त्वचेतच विरून गेलेलं. आणि सावळ्या रंगावर नुसता काळा किंवा राखाडी पसरवला तर राख लागल्यासारखं दिसतं गं, म्हणून काळा फक्त मुळाशी ठेव आणि वर कॉफी ब्राउन, वांगी किंवा तांबूस ब्रॉन्झ घे. तांब्याची झाक सावळ्या डोळ्यांवर काय सुंदर दिसते, एकदा लावून तर बघ.

आता क्रम. आधी डोळे, फाउंडेशन नंतर, हे पक्कं लक्षात ठेव. पापणी टिश्यूने टिपून घे, त्यावर आय प्रायमर, म्हणजे शॅडो धरून ठेवणारा पातळ थर, नसेल तर अगदी पातळ कन्सिलर, आणि वरून चिमूटभर पावडर, तेलकट पापणीवर हे केलं नाहीस तर शॅडो घडीत जाऊन बसणारच. मग पापणीच्या वरच्या खाचेत मध्यम ब्राउन शॅडो मऊ ब्रशने गाडीच्या वायपरसारखी इकडून तिकडे फिरव. ब्रश शॅडोत बुडवलास की डबीच्या कडेवर एकदा टिचकी मारल्यासारखा आपट, जास्तीची पावडर तिथेच पडते. त्यानंतर काळी किंवा गडद ब्राउन पेन्सिल केसांच्या मुळाशी लाव, रेघ वाकडी आली तरी चालते कारण ती आपण लगेच पुसट करणार आहोत, पण लगेच म्हणजे खरंच लगेच, एका डोळ्याची रेघ ओढली की तोच डोळा आधी पूर्ण कर, कारण टिकाऊ पेन्सिल अर्ध्या मिनिटात सुकते आणि मग हलत नाही. इअरबडने किंवा छोट्या ब्रशने वरच्या बाजूला पसरव, आणि त्यावर तशाच रंगाची कोरडी शॅडो दाबून बसव, घासू नकोस. पेन्सिलच्या मऊ थरावर पावडर बसली की ती घामात टिकते, सगळी मेख इथे आहे.

खालच्या पापणीला फक्त बाहेरचा एक तृतीयांश भाग, तोही ब्राउनने. तुझं काळं खाली उतरलं ते मला वाटतं इथूनच. मस्कारा वॉटरप्रूफ. डोळ्याखाली जो काळा भुगा पडला असेल तो ओल्या कापसाने टिपून मगच कन्सिलर लाव. ब्रॉन्झची चमक आणि लिपस्टिक तिथे पोचल्यावर वॉशरूममध्ये बोटाने लावलीस तरी होईल, आणि ट्रेनमध्ये घाम आला तर पुसू नकोस, टिश्यू नुसता टेकव. लिपस्टिक फिकी ठेव, बाकी काही नको.

प्रश्न: मी कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. स्मोकी आयला आत काजळ घालावंच लागतं का? आजी घरी दिव्यावर काजळ धरते, ते चांगलं म्हणतात. आणि मैत्रिणीने सुरमा आणून दिलाय.
– एक वाचक, सांगली

उत्तर: आत नकोच. पापणीच्या आतल्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यांचं तेल अश्रू लवकर सुकू देत नाही, आणि तिथे रोज काजळ भरलं की त्यांची तोंडं बुजू शकतात. त्यात लेन्स असेल तर काजळाचे कण तिच्यावर चिकटतात आणि रात्रभर डोळा चुरचुरतो. पेन्सिल केसांच्या बाहेरून लाव, गडदपणा तेवढाच दिसतो. लेन्स मेकअपच्या आधी घालायची, आणि घरी आल्यावर हात धुऊन आधी लेन्स काढायची, मग मेकअप.

आजीच्या काजळात तिची माया आहे हे मला कळतं, माझ्याही आजीची काजळाची डबी मी जपून ठेवलीय. पण ती काजळी तूप किंवा एरंडेलात कालवलेली असते, अंगाच्या उबेने पातळ होऊन पसरते, आणि घरी निर्जंतुक राहत नाही, त्यामुळे लेन्सच्या डोळ्यात नको. सुरमा मात्र अजिबात वापरू नकोस, तो पूर्वापार शिशाच्या खनिजापासून करतात आणि शिसं शरीरात साठत जातं. पेन्सिल घेताना लायसन्स नंबर आणि वापरायची शेवटची तारीख बघ. मस्कारा उघडल्यावर 3 ते 6 महिन्यांत टाकून दे, उरला असला तरी.

प्रश्न: वय 54, पापण्या थोड्या ओघळल्यात. भाचीच्या संगीतला स्मोकी आय केले तर विचित्र दिसेल का हो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: मुळीच नाही, काकू, हौसेने करा. फक्त चमकीची शॅडो टाळा, ती सुरकुत्यांत जाऊन बसते, मॅट घ्या, काळ्याऐवजी ब्राउन. आणि शॅडो लावताना डोळे उघडे ठेवून समोर आरशात बघा, कारण मिटलेल्या डोळ्यावर छान दिसलेला रंग डोळा उघडला की घडीखाली गडप होतो, म्हणून तो घडीच्या किंचित वर न्यायचा. रात्री काढताना खोबरेल तेलाचा बोळा मिटल्या डोळ्यावर 15 सेकंद नुसता धरून ठेवा आणि मग हलकेच खाली ओढा.