कडू पानं, फुटलेलं ड्रेसिंग आणि फेसलेली मोहरी

प्रश्न : ताई, गंगापूर रोडच्या एका दुकानातून हौसेने सॅलडची पानं आणली, अरुगुला आणि ती जांभळी पांढरी रॅडिकिओ. तेल व्हिनेगर ढवळून घरीच व्हिनेग्रेट, म्हणजे सॅलडवर घालायचं ड्रेसिंग, केलं पण दोन मिनिटात तेल वर, व्हिनेगर खाली. वरून इतकं कडू की हे म्हणाले कारल्याचा रस परवडला! काय चुकलं? आणि ही पानं रोज कुठे परवडतात, मेथी चालेल का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : अगं तेल आणि व्हिनेगर आपणहून कधीच एकत्र राहत नाहीत, त्यांना धरून ठेवायला कोणीतरी मधे लागतं आणि ते काम मोहरी करते. बाहेरचे लोक बाटलीतलं मस्टर्ड घालतात, आपल्याकडे फेसलेली मोहरी आहेच की. चमचाभर मोहरी थोडी भिजवून पाणी घालत खलात फेस, नाकात झणका गेला की झाली. मोहरीच्या सालात जो चिकटपणा असतो ना तोच तेलाचे बारीक थेंब धरून ठेवतो.

आता माप. चार जणांना सहा चमचे तेल, दोन चमचे व्हिनेगर, अर्धा चमचा ही मोहरी, मीठ पाव चमचा आणि बोराएवढा गूळ. पण आधी मीठ आणि गूळ व्हिनेगरमधे विरघळव, तेलात मीठ विरघळत नाही, तळाशी कचकच राहते. मग मोहरी, मग तेल, आणि सगळं जॅमच्या रिकाम्या बाटलीत घालून झाकण घट्ट लावून खडखडव. तासाभराने परत थोडं सुटलं तर घाबरू नकोस, पुन्हा हलव. व्हिनेगरची बाटली नीट वाच हं, सिंथेटिक लिहिलं असेल तर ते नुसतं पाणी घातलेलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, घशाला लागतं. त्यापेक्षा लिंबू पिळ.

कडूपणाचं म्हणशील तर रॅडिकिओ ही चिकोरीच, फिल्टर कॉफीत जिचं मूळ भाजून घालतात तिच्याच घरातली, ती कडू असणारच. पानं हाताने फाडून बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेव, बराच कडूपणा उतरतो आणि पानं कुरकुरीत होतात. अरुगुलाला हे नको, ती मोहरीच्या कुळातली, तिचा तिखटपणाच तर हवा. मिठाने पण कडू दबतं, म्हणून मीठ घालताना हात आखडू नकोस. आणि द्राक्षं! सीझनला नाशकात राहून सॅलडमधे अर्धी चिरलेली द्राक्षं घालायची नाहीत म्हणजे काय.

पानं मात्र सुती पंचात गुंडाळून खडखडीत कोरडी कर, ओल्या पानावरून ड्रेसिंग घसरून खाली साठतं. आणि पानं वाढायच्या क्षणीच कालव. मी एकदा पाहुणे येणार म्हणून तासभर आधी कालवून ठेवलं, तेलाने पानं अशी मान टाकून बसली की शेवटी त्याचं थालीपीठ थापलं (चांगलं लागलं, पण ते सांगायला नको होतं).

मेथी? अगं चालेल काय विचारतेस, घोळाणा खाल्ला नाहीस का कधी? कच्ची मेथी, कांदा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि वरून घाण्याचं कच्चं शेंगदाणा तेल. त्यातच फक्त तिखट कमी करून हे व्हिनेग्रेट घाल. कोवळी जुडी बघ, देठ काढ, आणि ह्यांना सांगूच नकोस की सॅलड आहे, भाकरीबरोबर वाढ.