चाळिशीनंतर स्वतःची ओळख नव्याने शोधता येते का? सुरुवात कुठून करावी?

माझी तर पातेल्यावर कोरलेली होती. हसू नका.

१९९१ला लग्न झालं आणि लक्ष्मीपूजनाला तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहिलं, अपर्णा. मला ते तिथेच, ताटात वाचून कळलं. कारण काय तर मी सुमन आणि मोठी नणंद पण सुमन, एका घरात दोन नकोत. ती कधीच लग्न होऊन इचलकरंजीला गेलेली, पण जाऊ दे. रेशनकार्ड, बँक, पुढे आधार, सगळीकडे अपर्णा झाले आणि खरं सांगायचं तर सवय पण झाली. मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना दिवाळीला भांडी काढली तर तिने पातेल्यावरचं वाचलं, 'चि. सुमनच्या लग्नात मामाकडून', आणि म्हणते, आई, आत्याचं पातेलं आपल्याकडे कसं?

मग २०१७ला वडील गेले. वारस नोंदीला तलाठ्याकडे गेलो तर शाळेच्या दाखल्यावर सुमन, आधारवर अपर्णा, म्हणे तुम्ही त्यांची मुलगी कशावरून. भाऊ शेजारी उभा राहून सांगतोय सख्खी बहीण आहे, पण कागद पाहिजे. शेवटी प्रतिज्ञापत्र केलं, 'सुमन व अपर्णा ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे'. टायपिस्टने विचारलं सही कुठल्या नावाने करणार, तर मला सुचेचना. सुमनची सही सव्वीस वर्षांत केलीच नव्हती, 'सु' काढला आणि पुढे हात अपर्णाच्या वळणाने गेला.

त्याच महिन्यात पुन्हा सुमन व्हायला 'आपले सरकार' पोर्टलवरून राजपत्राचा अर्ज टाकला, नाव छापून आल्यावर ते दाखवून आधार, पॅन, बँक. आडनाव सासरचंच ठेवलं, तेवढी भांडायची ताकद नव्हती. थोरले दीर म्हणाले, या वयात हे काय खूळ, नावात काय असतं एवढं. अहो भाऊजी, काही नसतं तर १९९१ला बदललं कशाला? तोंडावर बोलता आलं नाही म्हणून इथे लिहितेय. आता १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. नात जूनमधली, त्यामुळे तिच्या नावापुढे पहिली तिची आई. त्यावरही भाऊजींनी नाक मुरडलंच.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर शिबिरं-बिबिरं करत पैसे घालवू नका, दहावीच्या आधीचे आपले कागद, वह्या, फोटो काढून बसा, काहीतरी हाताला लागतं. पुरुषांचं कसं असतं मला माहीत नाही. सासूबाई वाईट नाहीत हेही सांगते, माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली, त्या अजून अपर्णाच म्हणतात आणि मी ओ देते.

आणि हे वाचून लगेच अर्ज टाकू नका, आधी कुठेकुठे नाव आहे त्याची यादी करा. माझी एक विम्याची पॉलिसी अजून अपर्णाच्याच नावावर अडकलीय.