कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं जुनं घर स्वतः दुरुस्त करायचंय. गिलावा, फरशी, रंग यात सुरुवात कुठून करू?

ओलीपासून. गळकी कौलं, फुटलेला पन्हाळ, मोरीची पाइपलाइन हे आधी बघा. आपल्याकडचा पाऊस ठाऊकच आहे, त्यामुळं काम दिवाळीनंतर काढा.

गिलाव्यात बहुतेक जण चुकतात. जुन्या पेठांतल्या भिंती बऱ्याचदा मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या असतात. त्यावर घट्ट सिमेंटचा थर दिला की आतली ओल कोंडते, लोणा (भिंतीवर येणारा खारट पांढरा थर) फुटतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. आमच्या माजघरात मी हेच केलं आणि सगळं पुन्हा खरवडलं! अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा बरा. सुटलेला भाग काढा, सांधे खरवडा, भिंत भिजवा, पातळ थर द्या आणि काही दिवस ओलसर ठेवा. सिमेंटनं बांधलेली भिंत असेल तर आत १:६ माल (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) चालतो, मात्र किमान ७ दिवस पाणी मारा.

फरशी: सिरॅमिक टाइल सिमेंट मालात बसवताना आधी भिजवा. व्हिट्रिफाइड टाइल (जास्त भाजलेली, घट्ट टाइल) जवळजवळ पाणी पीत नाही, तिला टाइल अॅडहेसिव्हच (टाइल चिकटवायचा खास माल) लागतं. बसल्यावर ठोकून बघा, पोकळ वाजली तर काढून परत लावा. मोरीचा उतार मात्र सरळ गवंड्याकडून करून घ्या.

रंग सगळ्यात शेवटी, भिंत पूर्ण वाळल्यावर. चुन्याच्या गिलाव्यावर ऑइलपेंट नको, चुन्याची सफेदीच द्या. आणि भार घेणाऱ्या भिंतीला किंवा तुळईला इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका.